‘दोन गोळ्या बदलल्या, फरक नाही’? आधी घोरणं ऐका

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर असा: ‘डिप्रेशन गेलं की झोप आपोआप येते. तोवर झोपेची गोळी घ्या. दोन औषधं बदलूनही फरक नाही, तर आजार बरा होणारा नाही.’

आपोआप? अनेकदा येत नाही. मन सावरल्यावरही निद्रानाश मागे रेंगाळतो, आणि तो राहिला की आजार उलटण्याचा धोका वाढतो. उपचार दोन्हींवर एकदमच हवेत.

अल्प्राझोलामसारखी गोळी थोडे दिवस, डॉक्टरांच्या सांगण्यावरून, ठीक. महिनोन्‌महिने घेतली की तेवढ्या मात्रेत भागत नाही. एकदम सोडली तर घालमेल, क्वचित फिटही. जुन्या निद्रानाशावर पहिला उपचार सीबीटी-आय, म्हणजे झोपेच्या सवयी आणि विचार बदलणारा, बिनगोळीचा उपचार. दोन आठवडे झोपेची वही ठेवायची: कधी आडवं झालो, कधी झोप लागली, कधी उठलो. उठण्याची वेळ रोज एकच. सरासरी जेवढी झोप लागते तेवढाच वेळ अंथरुणात, मात्र ५ तासांहून कमी नाही. अंदाजे २० मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून बसायचं. सुरुवातीला दिवसा पेंग येते, तेव्हा ट्रॅक्टर नको. बायपोलर (कधी अति उत्साह, कधी डिप्रेशन) किंवा फिटचा आजार असेल तर हे आपल्या मनाने करू नये.

तिसरं वाक्य सगळ्यात घातक. औषधाला दाद न देणारं डिप्रेशन म्हणायला दोन औषधं पुरेशा मात्रेत, प्रत्येकी साधारण ६ ते ८ आठवडे, न चुकता घेतलेली लागतात. पंधरा दिवसांत सोडलेली गोळी त्यात धरत नाहीत. आणि खरोखर दाद देत नसेल तरी पुढचे उपचार आहेतच.

त्याआधी झोप तपासा. मे महिन्यात धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, झोपणाऱ्या घरात कोण घोरतं हे गल्लीला ठाऊक असतं. पण घोरता घोरता श्वास थांबतो का, हे कुणी सांगत नाही. थांबत असेल तर तो स्लीप अ‍ॅप्निया. सकाळी डोकं जड, दिवसभर मरगळ, चिडचिड, म्हणजे डिप्रेशनसारखंच चित्र. झोपेची गोळी किंवा दारू श्वास आणखी अडवू शकते. तपासणी रात्रभराची, उपचार सीपॅप यंत्र, जे मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवतं.

रात्री पायांत वळवळ होऊन पाय हलवल्याशिवाय चैन पडत नसेल, तर रक्तातलं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बघा. हिमोग्लोबिन ठीक असूनही ते कमी असू शकतं. ७५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आत असेल तर लोहाचा विचार होतो. मिर्टाझापिनसारख्या डिप्रेशनच्याच काही औषधांनी ही वळवळ वाढते.

केळीला पाणी द्यायची वीज पाळीने रात्री येत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. मोटर चालू करायला दोनला उठणाऱ्याची वही वाचायची रीतच वेगळी.

जीव नकोसा वाटत असेल तर झोपेची वही भरत बसू नका. टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, आत्ताच लावा.