सूड कसला, हा तर आपलाच कचरा

‘महाकाय राक्षस म्हणजे निसर्गाने माणसावर उगवलेला सूड’ हे राक्षसपटांवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य पटलं नाही. १९७१च्या ‘गॉडझिला विरुद्ध हेडोरा’ या जपानी चित्रपटातला राक्षस हेडोरा आठवा. गाळावर पोसलेला आणि कारखान्याच्या धुराड्याला तोंड लावून धूर ओढणारा! जपान तेव्हा योक्काइची शहरातला कारखान्यांच्या धुराने जडलेला दमा आणि मिनामातातलं कारखान्याच्या सांडपाण्यातून आलेलं पारा-प्रदूषण भोगत होता. कोरियन दिग्दर्शक बोंग जून-होच्या ‘द होस्ट’मध्ये (२००६) तर फॉर्माल्डिहाइड या विषारी रसायनाच्या बाटल्या सरळ बेसिनमध्ये ओतल्या जातात, सोलच्या अमेरिकी लष्करी तळावर २००० साली असं खरंच घडलं होतं. मला तरी त्यातून पुढे जन्मलेल्या राक्षसापेक्षा त्या ओतण्याचीच जास्त भीती वाटली. यात निसर्ग कुठे आला? ‘सूड’ म्हटलं की ओतणारा हात आपोआप नजरेआड होतो.

मूळ ‘गॉडझिला’ चित्रपटाबद्दल (१९५४) लेख फक्त हिरोशिमावर थांबतो, तेही अपुरं. त्याच वर्षी १ मार्चला प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांवरच्या अमेरिकी हायड्रोजन बॉम्ब चाचणीची किरणोत्सर्गी राख ‘दायगो फुकुर्यू मारू’ या जपानी मासेमारी बोटीवर पडली. नोव्हेंबरात आलेला चित्रपट सुरूच होतो तो समुद्रात पेटलेल्या बोटीने. प्रेक्षकांना वेगळं काही समजवावं लागलं नसेल.