मोठा कोच व्हायचंय? मग बाटलीपासून लांब राहा

सर, तुमचं काय चुकतंय ते सांगू का? राग नका मानू. तुम्ही मालवण-कुडाळ पट्ट्यातले, पहाटे पाचला गळ्यात शिट्टी अडकवून पोलीस भरतीच्या पोरांना 1600 मीटर पळवता, भरती ओसरली की ओल्या वाळूवर, पावसाळ्यात कातळाच्या सड्यावर, फी मागितली की पोरं म्हणतात गणपतीत काका मुंबईहून येतील तेव्हा देतो, आणि त्यातलीच एखादी पोरगी खरंच वाऱ्यासारखी पळते तर तिला तुम्ही काय सांगता, वेळेवर झोप, नाचणीची भाकरी खा. अहो असं करून कोण मोठा कोच झालाय का?

मोठ्या कोचला पहिला नियम पाठ असतो. डोप टेस्टमध्ये धावपटूच्या शरीरात जे बंदीचं औषध सापडेल त्याची जबाबदारी धावपटूची. कोणी दिलं, कशात मिसळून दिलं, "व्हिटॅमिन आहे गो" म्हणून कोण बोललं, ते सगळं नंतर. बाटलीवर नंबर पोरीच्या लघवीच्या सॅम्पलचा, कोच तेव्हा बाहेर चहा पितोय. या धंद्याची सगळी मजा यातच आहे, म्हणून काय वाट्टेल ते करा पण बाटलीजवळ जाऊ नका. 2016 ला रिओ ऑलिम्पिकमध्ये केनियाचे कोच जॉन अनझराह हे विसरले. 800 मीटर पळणाऱ्या फर्ग्युसन रोटिचचं ओळखपत्र गळ्यात घालून फिरत होते, म्हणे फुकट नाश्त्यासाठी, तिथे टेस्टवाले भेटले तर गृहस्थाने रोटिचच्या नावावर स्वतःचंच सॅम्पल देऊन टाकलं! घरी पाठवला त्यांना. एका नाश्त्यापायी कोचने स्वतः बाटली भरली, असा नवशिकेपणा तुमच्याकडून नको.

शिकायचं तर अल्बर्टो सालाझारकडून शिका. स्वतः न्यूयॉर्क मॅरेथॉन लागोपाठ तीनदा जिंकलेला माणूस, नंतर नायकी कंपनीच्या ओरेगॉन प्रोजेक्ट या धावपटूंच्या संघाचा मुख्य कोच. टेस्टोस्टेरॉनचं, म्हणजे खेळात बंदी असलेल्या हार्मोनचं, जेल अंगाला किती चोळलं की टेस्टमध्ये दिसतं हे त्याला बघायचं होतं, तर त्याने ते कोणाला चोळलं? स्वतःच्या मुलांना. विचारल्यावर उत्तर तयार, आमच्या खेळाडूंना कोणी मुद्दाम चोळून अडकवलं तर, म्हणून आधी तपासून ठेवलं हो. म्हणजे चोर आला तर कसा येईल हे बघायला आपणच रात्री शेजाऱ्याच्या माडावर चढून नारळ पाडून बघायचे. मग एल-कार्निटिन नावाच्या सप्लिमेंटचं सलाइन, तेही नियमात बसेल त्याच्या कितीतरी पट जास्त, आणि ते आधी चढवलं असिस्टंट कोचला. 2019 मध्ये दोह्याला वर्ल्ड चॅम्पियनशिप चालू असतानाच चार वर्षांची बंदी आली, सोबतच्या डॉक्टरलाही तेवढीच, आणि आता ऐका, पंचांनी निकालात काय लिहिलं तर यांचा हेतू काही वाईट दिसत नाही. वा! आपल्याकडे पोरगं मोबाइल बघत जेवलं तर आई इतकी समजूत दाखवत नाही. त्याच्या धावपटूंपैकी कोणावर त्या प्रकरणात आरोपसुद्धा नव्हता, पण आयुष्यभर लोक त्यांच्या मेडलकडे तिरकं बघणार ते बघणारच. त्याचं टेन्शन तुम्ही का घ्यायचं?

तर "विज्ञान" हा एक मार्ग झाला. इंग्रजी जमत नसेल तर "पारंपरिक आहार" आहेच. चीनचे कोच मा जुनरेन यांच्या पोरींनी 1993 मध्ये जगाला वेड लावलं, वांग जुनशियाने 10,000 मीटर 29:31.78 मध्ये मारलं, ते रेकॉर्ड पुढे 23 वर्षं कोणाला मोडता आलं नाही, आणि गुरुजी सांगत होते कासवाचं रक्त पाजतो, बुरशी खायला घालतो. 2000 च्या सिडनी ऑलिम्पिकआधी रक्त तपासलं तर त्यांच्या सहा धावपटू टीमबाहेर. पोरींनीच 1995 साली लिहिलेलं पत्र 2016 मध्ये बाहेर आलं, त्यात कासव वगैरे काही नाही, सरळ औषधं. तुम्ही आपलं कुळथाच्या पिठीवर भागवा, पेपरवाले फोटोसकट छापतील. कासवाच्या नादी मात्र लागू नका, आपल्या किनाऱ्यावर कासव धरलंत तर नाडाच्या, म्हणजे देशाच्या डोपिंगविरोधी संस्थेच्या, आधी वनखातं येईल.

ईपीओ नावाच्या इंजेक्शनचं कसं, ते मुळात किडनीच्या पेशंटसाठी, रक्तातल्या तांबड्या पेशी वाढाव्यात म्हणून. थंड ठेवावं लागतं. मासळीच्या बर्फात ठेवायची आयडिया तुमच्या डोक्यात आली असेल तर तुम्ही जन्मजात मोठे कोच आहात. रक्त दाट होऊन पोरीच्या काळजावर ताण येतो असं डॉक्टर म्हणतात, पण डॉक्टर काय, मिठावरही बंदी घालतात.

आता टेस्टवाले आले तर? 2023 मध्ये दिल्लीच्या स्टेट मीटमध्ये नाडाचे लोक आले म्हटल्यावर 100 मीटरच्या फायनलला पळायला एकटाच पोरगा उभा राहिला, बाथरूममध्ये सिरिंज सापडल्या, आणि एक ज्युनिअर स्टीपलचेसवाली, म्हणजे अडथळ्यांची शर्यत पळणारी, पोरगी फिनिश लाइन ओलांडूनही थांबेना, अधिकारी तिच्यामागे पळतोय. लांब पल्ल्याचं एवढं चांगलं ट्रेनिंग मी तरी पाहिलं नाही. आपल्याकडे त्यापेक्षा सोपं, स्पर्धेआधी गाऱ्हाणं घालून घ्या:

"बा देवा म्हाराजा, जो कोण दिल्लीसून बाटली घेवन येतलो, तेची गाडी फोंडा घाटात बंद पाड रे म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!"
"आणि पोचलोच, तर आमच्या कोचाचा नाव कागदार येवक नको रे म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!"

देवाने नाहीच ऐकलं तर जिनसेंग नावाची औषधी मुळी. 2011 मध्ये आपल्या 4x400 रिलेच्या पोरी सापडल्या (400 मीटर म्हणजे लांब पल्ला नव्हे, पण कोच सगळीकडे कोचच), तेव्हा युक्रेनच्या कोचने चीनमधून आणलेल्या जिनसेंगवर खापर फुटलं. कोचला काढलं, आणि पोरींची आधी एका वर्षाची असलेली बंदी पुढे दोन वर्षांची झाली. इथे पोरीची भरतीची वयोमर्यादा निघून जाईल, आई हर्णैच्या नाहीतर मालवणच्या जेटीवर टोपली घेऊन बसलेली असेल आणि येणारा-जाणारा विचारेल, काय गो, तुझ्या चेडवान काय खाल्ल्यान? तुम्ही त्या दिवसात जेटीकडे जाऊ नका, मासे दुसरीकडून आणा.

आणि पैशाचं आधीच स्पष्ट ठेवा. रशियाची मॅरेथॉनवाली शोबुखोवा, डोपिंग झाकायला तिच्याकडून साडेचार लाख युरो गेले, तरी बंदी आलीच, मग तीन लाख युरो परत करावे लागले. त्यातूनच सगळं बिंग फुटलं, 2016 मध्ये लांब पल्ल्याचे चीफ कोच मेलनिकोव यांच्यावर आजन्म बंदी आली. म्हणून सांगतो, फी ॲडव्हान्स घ्या, आणि पावतीवर मोठ्या अक्षरात छापून ठेवा, एकदा भरलेली रक्कम परत मिळणार नाही.