नवं राष्ट्र काढताय? मग आधी पडदा बांधा

स्वतःचं वेगळं राष्ट्र काढावं असं हल्ली पुष्कळांना वाटतं. हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेत तर हटकून वाटतं. झेंडा शिवून मिळतो, राष्ट्रगीताला चाल लावणारे गल्लोगल्ली आहेत. गाडी अडते ती करमणुकीपाशी. दिवसभर राष्ट्रउभारणी करून दमलेल्या जनतेला संध्याकाळी दाखवायचं काय? घाबरू नका. ऑस्ट्रेलियाने हा धडा आधीच गिरवून ठेवलाय, तुम्ही फक्त वहीत उतरवून घ्या.

सर्वांत आधी एक औषधवाला गाठा. गंमत नाही करत. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात रुपया तिकीट लावून ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवणारा मारियुस सेस्तिए मूळचा फार्मसिस्ट. मुंबईचा मुक्काम आटोपून हा गडी बोटीने गेला थेट सिडनीला. ‘केली गँग’ नावाच्या ज्या चित्रपटाबद्दल पुढे सांगणार आहे, त्यातले दोन भागीदार, जॉन्सन आणि गिब्सन, तेही केमिस्टच. रीळ म्हणजे शेवटी रसायनांचा कारभार. तिथे कवी काय कामाचा?

औषधवाला मिळाला की लगेच घोड्यांची शर्यत लावा. देश नसला तरी चालेल. १८९६ मध्ये ऑस्ट्रेलिया नावाचं राष्ट्र कुठे होतं? सहा वेगवेगळ्या वसाहती होत्या आणि त्यांचं आपापसात विशेष पटत नव्हतं. पण मेलबर्न कप होता. सेस्तिएने सिडनीचा फोटोग्राफर वॉल्टर बार्नेट याला जोडीला घेतलं आणि नोव्हेंबरात फ्लेमिंग्टनच्या मैदानावर कॅमेरा लावला. न्यूहेवन नावाचा घोडा जिंकला. त्या चित्रांत एक माणूस टोपी हलवून गर्दीला जल्लोष करायला लावताना दिसतो, तो स्वतः बार्नेट. राष्ट्र जन्माला यायला अजून चार वर्षं होती, पण जनतेला ‘हं, आता ओरडा’ म्हणून सांगणारा हजर झालेला होता. तुमच्याकडेही असा एक माणूस आत्तापासूनच नेमून टाका.

धर्माला विसरू नका. आपल्याकडे मुक्ती फौज म्हणतात त्या साल्व्हेशन आर्मीने मेलबर्नला बोर्क स्ट्रीटवर चित्रपटांसाठी चक्क एक खातं उघडलं होतं, ‘लाइमलाइट डिपार्टमेंट’. सप्टेंबर १९०० मध्ये मेलबर्नच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी प्राचीन ख्रिस्ती हुतात्म्यांचे हाल दाखवले. थोडी हलती चित्रं, दोनेकशे रंगीत काचचित्रं, वाद्यवृंद आणि मधूनमधून प्रवचन. रोमनांचा तो सगळा छळ चित्रित झाला मरंबीना इथल्या मुलींच्या आश्रमात, टेनिस कोर्टावर. मागे रंगवलेले कापडी पडदे. श्रद्धेसाठी लोकांनी टेनिस कोर्टावर प्राण सोडले, आणि सभागृहात आया हुंदके देत असतील. १ जानेवारी १९०१ ला सहा वसाहतींचं एक राष्ट्र झालं, तो सोहळाही याच फौजेने चित्रित केला. मग दहाएक वर्षांत वरच्या साहेबांना वाटायला लागलं की या सिनेमामुळे भाविकांत उथळपणा येतोय, आणि खात्याला कुलूप लागलं. कीर्तनाला गर्दी जमली की कीर्तनावर संशय घ्यावा, हे लक्षात असू द्या.

आता मुख्य पदार्थ. राष्ट्राला नायक लागतो आणि तो सरकारने फासावर चढवलेला असला तर फारच उत्तम.

नेड केली हा बुशरेंजर, म्हणजे जंगलात राहून वाटमारी करणारा. त्याच्या टोळीने पोलीस मारले, बँका लुटल्या. शेवटच्या चकमकीत तो नांगराचे फाळ ठोकून केलेलं चिलखत घालून पोलिसांसमोर चालत आला. ११ नोव्हेंबर १८८० ला मेलबर्नच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. पुढच्या २६ वर्षांत त्याच मेलबर्नमध्ये टेट बंधूंनी त्याच्यावर तासाभराहून लांब चित्रपट काढला, ‘द स्टोरी ऑफ द केली गँग’. तासाभराची एक सलग कथा पडद्यावर दाखवण्याचा हा जगातला पहिलाच प्रयोग मानतात. खर्च हजार पौंडांच्या आसपास. चित्रण दिग्दर्शक चार्ल्स टेटच्या बायकोच्या माहेरच्या जमिनीवर. पोलीस, दरोडेखोर, प्रवासी यांच्या भूमिकांत घरचेच आणि ओळखीतले लोक. मेव्हण्याच्या शेतात मेव्हण्यालाच गोळी घालायची, असा काटकसरीचा संसार.

२६ डिसेंबर १९०६ ला अथेनियम हॉलमध्ये खेळ लागला, तेव्हा खरी मजा पडद्यामागे होती. चित्र मुकं, पण माणसं मुकी नव्हती. निवेदक कथा सांगतोय, नट संवाद म्हणतायत, मागे कुणी कोरडी काडतुसं उडवतोय आणि कुणी नारळाच्या करवंट्या आपटून घोडे पळवतोय. आपल्या गावच्या जत्रेतल्या तंबूचीच आठवण यावी. तुमच्या राष्ट्रात नारळ होत नसतील तर आयात करा, पण घोड्यांच्या टापांत कंजुषी नको.

लोक तुटून पडले. मग सरकारला जाग आली की अरे, याला तर आपणच लटकवला होता! १९०७ मध्ये बेनाला आणि वँगरॅटा या केलीच्या मुलखातल्या गावांत चित्रपटाला बंदी. म्हणजे ज्यांना गोष्ट तोंडपाठ होती, नेमक्या त्यांनाच ती दाखवायची नाही. केलीची म्हातारी आई तेव्हा जिवंत होती. ती पुढे १९२३ पर्यंत जगली. मुलगा कसा होता हे सरकारपेक्षा तिला थोडं जास्त ठाऊक असणार, पण तिला विचारायचं म्हणजे चित्रपटाचा पाया अगदीच डळमळीत झाला असता.

त्यानंतर बुशरेंजरपटांचं पीकच आलं, इतकं की साऊथ ऑस्ट्रेलियाने १९११ मध्ये आणि व्हिक्टोरिया व न्यू साउथ वेल्सने १९१२ मध्ये असल्या चित्रपटांवर सरसकट बंदी घातली. पोलिसांची टिंगल होते, पोरं बिघडतात, ही कारणं. ही युक्ती जरूर करा. तुमच्या चित्रपटवाल्यांना जो एक प्रकार जमतो, जो लोकांना आवडतो आणि जो परदेशातून आयात करावा लागत नाही, नेमका तोच बंद करा. मग मोकळ्या झालेल्या पडद्यावर अमेरिकेचे काउबॉय निवांत बंदुका चालवतील. ते परदेशी दरोडेखोर, त्यांनी पोरं बिघडत नाहीत.

मागच्या आठवड्यात रात्री जेवणं झाल्यावर मी ‘केली गँग’ची उरलेली चित्रं लॅपटॉपवर पाहिली. तासाभरातली सतराएक मिनिटंच शिल्लक आहेत. चिलखतातला केली पिस्तूल रोखून समोर येतो, आणि त्याच वेळी खराब झालेल्या रिळाचे पांढरे फोड पडद्यावर उसळतात. तो त्यांत गडप होतो, बाहेर येतो, पुन्हा गडप. पोलीस त्याच्यावर गोळ्या झाडतायत आणि वर रसायन त्याला खातंय. बायको शेजारून म्हणाली, “नेट गेलंय का?”

एक नाजूक बाब पटकन आटपू. तुमच्या भूमीत आधीपासून कुणी राहत असेल, तर त्यांना मोजू नका. ऑस्ट्रेलियाच्या घटनेचं १२७ वं कलम तसंच सांगत होतं आणि ते १९६७ च्या सार्वमतापर्यंत टिकलं. पण चित्रित मात्र करा. नवं राष्ट्र झालं त्याच १९०१ मध्ये बाल्डविन स्पेन्सर हे प्राध्यापक कॅमेरा आणि मेणाच्या नळकांड्यांवर आवाज टिपणारं यंत्र घेऊन मध्य ऑस्ट्रेलियात गेले, तिथल्या अरेंटे आदिवासींचे विधी टिपले आणि पुढल्या वर्षी मेलबर्नमध्ये तिकीट काढून आलेल्यांना दाखवले. जनगणनेत ज्यांना जागा नव्हती त्यांना पडद्यावर मिळाली. कथापटात आदिवासी पात्र लागलंच, तर एखाद्या गोऱ्या नटाच्या तोंडाला काळं फासा. तो मोजलेला असतो, हिशोब सोपा जातो.

उरलेली कामं किरकोळ आहेत. चित्रपट वाटणारे आणि थिएटरवाले यांची एकच मोठी कंपनी होऊ द्या. तिकडे १९१३ पर्यंत ती झाली आणि लोक तिला नुसतं ‘कम्बाइन’ म्हणू लागले. तयार हॉलिवूडपट स्वस्तात मिळत असताना देशी रिळांवर पैसे घालण्याचा वेडेपणा तिला फारसा मान्य नव्हता. एखादा दिग्दर्शक हट्टाने चांगला निघालाच, तर त्याच्यावरही इलाज आहे. रेमंड लाँगफोर्डने १९१९ मध्ये ‘द सेंटिमेंटल ब्लोक’ काढला. जुगारात सापडून तुरुंगात जाणारा एक गल्लीतला टपोरी प्रेमात पडून माणसात येतो, एवढीच गोष्ट. शीर्षकपट्ट्यांवर थेट रस्त्यावरच्या बोलीतल्या कविता. लोकांनी डोक्यावर घेतला. नायिका आणि लाँगफोर्डची कामातली भागीदार लॉटी लायल १९२५ मध्ये क्षयाने गेली, वय ३५. दोनच वर्षांत देशातला सर्वांत खर्चिक मूकपट निघाला, तेव्हा त्यासाठी अमेरिकेहून दिग्दर्शक बोलावला आणि लाँगफोर्ड बाजूला. तो महागडा चित्रपट लागला त्याच वर्षी अमेरिकेत बोलपट आले. त्याच सुमारास चित्रपटधंद्याचं काय करावं यासाठी सरकारने रॉयल कमिशन नेमलं. कमिशनने साक्षी घेतल्या, अहवाल दिला, शिफारशी केल्या. आयोग, अहवाल, शिफारशी हा क्रम आपल्या वाचकांना नव्याने समजावून सांगायला नको. लाँगफोर्ड पुढे सिडनीच्या धक्क्यावर रात्रपाळीचा पहारेकरी झाला. थोडक्यात, तुमच्या गुणी माणसांना रात्रीच्या नोकरीची सोय ठेवा.

आणि एक. १९०८ मध्ये पर्थला मेरी अ‍ॅन एव्हान्स नावाची मुलगी जन्मली. वडील ब्रिटिश लष्करात. ती लहानपणीच मुंबईला आली. १९३४ मध्ये केली टोळीवर नवा बोलपट निघाला तेव्हा न्यू साउथ वेल्सने जुन्या बंदीला स्मरून तो अडवला. पुढच्याच वर्षी मुंबईत वाडिया बंधूंचा ‘हंटरवाली’ लागला. तोंडावर मुखवटा, हातात चाबूक, दुष्टांना लोळवून गोरगरिबांचा कैवार घेणारी घोडेस्वार बाई: ‘फिअरलेस नाडिया’, म्हणजे तीच पर्थची मेरी. तेव्हा तुमच्या राष्ट्रात एखादी पोर घोड्यावर बसून दरोडेखोरी करण्याची लक्षणं दाखवू लागली, तर तिचं मुंबईचं तिकीट वेळेत काढून ठेवा. इथे पिटातले प्रेक्षक शिट्ट्या मारायला बसलेलेच असतात.