कुरडया, बेदाणा आणि ४० टक्के

आज बिल्डिंगच्या ग्रुपवर माझा सत्कार झाला. म्हणजे एका महाभागाने हार घातलेल्या बेडकाचा फोटो टाकला, खाली लिहिलं "आपल्या सोसायटीचं हवामान खातं", आणि त्यावर तेवीस हसणारे चेहरे आले. मोजले मी. तेवीस.

कारण काय, तर काल रात्री मी लिहिलं होतं की उद्या दुपारी ३ नंतर विजांसह पावसाची शक्यता आहे, साधारण ४० टक्के, गच्चीवर वाळवण असेल त्यांनी लक्ष ठेवा. बास एवढंच. "लक्ष ठेवा" लिहिलं होतं, "घालू नका" नव्हतं लिहिलं. पण तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी कुरडयांचा बेत पुढे ढकलला, तीन दिवस गहू भिजवून काढलेला चीक पातेल्यात तसाच राहिला, या उकाड्यात तो नको तेवढा आंबला, आणि आमच्या सांगलीच्या विश्रामबागेत पावसाचा थेंब नाही. नुसता घाम. संध्याकाळी जिन्यात भेटल्या तर म्हणतात, "बाई, तुमच्या त्या ॲपला सांगा आता कुरडया करून द्यायला."

वहिनींचा राग मला कळतो, दोन किलो गव्हाचा चीक म्हणजे काय ते मी पण केलंय. पण ते तेवीस जण? त्यातल्या निम्म्यांच्या घरी कुरडया विकतच्या येतात.

आणि पाऊस आला नाही असं कोण म्हणतं? ३:४० ला मी ऑफिसातून हाफ डे टाकून गच्चीवर होते (हो, टाकते मी हाफ डे, पतसंस्थेत एप्रिलमध्ये कोण देतं सुट्टी, पण टाकते), तर दंडोबाच्या डोंगराच्या अंगाला एक ढग असा उभा राहिला होता ना, फुलकोबीसारखा, कडा कापून काढल्यासारख्या, बघता बघता डबल झाला, मग वर जाऊन चपटा पसरला लोहाराच्या ऐरणीसारखा. खालून शाईसारखा काळा. तिकडे धो धो चालू होता आणि आमच्याकडे ऊन. आमच्या डोक्यावर पडला नाही म्हणजे पडलाच नाही, हे लॉजिक माझ्या डोक्यात शिरत नाही.

मला अशा दिवशी नेहमी मामांचा तो शुक्रवार आठवतो. सांगते नंतर.

आधी हे एकदा लिहूनच टाकते म्हणजे दर वर्षी तेच तेच नको. वळीव म्हणजे मान्सून नाही. मान्सून समुद्रावरून लवाजम्यासकट येतो, चार दिवस आधीपासून दिसतो. वळीव जागेवर शिजतो. बंगालच्या उपसागराकडून दमट वारा येतो, वायव्येकडून कोरडा तापलेला, ते दोघे एप्रिल-मेमध्ये आपल्या डोक्यावर कुठेतरी भिडतात, बातम्यांत ते विदर्भापासून मराठवाडा-कर्नाटक करत खाली केरळ-तमिळनाडूपर्यंत कमी दाबाचा पट्टा म्हणतात ना, ते हेच भांडण. खाली ओल आणि ऊन, वर गार हवा, आणि मधे दीड-दोन किलोमीटरवर गरम कोरड्या हवेचं झाकण. हे झाकण फार महत्त्वाचं. झाकण टिकलं तर दिवसभर घामाच्या धारा आणि संध्याकाळी काही नाही. फुटलं तर तासाभरात ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच. आता आमटीला उकळी येताना पहिला बुडबुडा पातेल्यात कुठे येणार ते सांगा बघू कोणीतरी त्या तेवीस जणांपैकी. उकळी येणार हे सांगता येतं. बुडबुडा नाही.

आणि तो बुडबुडा असतो केवढा, आठ-दहा किलोमीटर, जगतो जेमतेम तासभर. २०२५ च्या मे महिन्यात पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने बनवलेलं भारत फोरकास्ट सिस्टीम हे मॉडेल सुरू झालं, त्याची चौकट, म्हणजे नकाशाच्या ज्या एकेका तुकड्याचा अंदाज ते काढतं तो तुकडा, ६ किलोमीटरची, आधी १२ ची होती. म्हणजे पूर्वी अख्खा ढग एका चौकटीत बसायचा आणि आता दोन चौकटींत मावतो, त्यात तुमची गच्ची शोधायची!

अजून एक. हवामान खातं "तुरळक ठिकाणी" लिहितं तेव्हा लोक हसतात की हे काय गुळमुळीत. अहो त्या शब्दाला आकडा आहे. त्या भागातल्या शंभर पर्जन्यमापकांपैकी पंचवीसपर्यंत ठिकाणी पाऊस, म्हणजे तुरळक. त्याच्या वर पन्नासपर्यंत "काही ठिकाणी". म्हणजे तुरळक लिहिलेल्या दिवशी चारातल्या तीन जणांकडे पडणार नाही हे त्यांनी आधीच सांगितलेलं असतं! ते तीन जण मग दुसऱ्या दिवशी म्हणतात, बघा, खातं चुकलं.

बरं, चुकतं. मी पण चुकते. परवा मी २० टक्के म्हटलं होतं आणि मिरजेत गारा पडल्या. झालं समाधान?

आता मामा.

आमच्या मामांचे नागज-जुनोनी पट्ट्यात बेदाण्याचे रॅक आहेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, त्या भागात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरव्या नेटची शेडच शेड दिसतात, कारण तिथली हवा कोरडी आणि वारा भरपूर. द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशच्या पाण्यात बुडवून काढतात आणि जाळ्यांवर पसरतात, एकावर एक दहा-अकरा मजले. बारा-पंधरा दिवसांत बेदाणा तयार. चार किलो द्राक्षांचा एक किलो. आणि त्या पंधरा दिवसांत पाऊस लागला की गेला, काळा पडतो, डाग धरतो, सौद्यात कोणी हात लावत नाही.

आठेक वर्षं झाली. मी तेव्हा नवीनच शिकत होते हे सगळं. सकाळी साडेपाचला हवामान खातं फुगा सोडतं त्याची निरीक्षणं बघायची, विंडी नावाच्या साइटवर अमेरिकन आणि युरोपियन मॉडेल शेजारी शेजारी लावायची, इन्सॅट उपग्रहाचे फोटो दर अर्ध्या तासाला. नवीन मुसलमान जास्तच वेळा नमाज पढतो म्हणतात तसं माझं झालं होतं. मंगळवारी मी मामांना फोन केला, आज झाका. त्यांनी सहा माणसं लावून ताडपत्र्या ओढल्या. काही आलं नाही. बुधवारी परत फोन केला. परत सहा माणसांची हजेरी. परत काही नाही, आणि झाकलेल्या रॅकमधली हवा कोंडून वाळणं अडलं ते वेगळंच. त्या रात्री फॅमिली ग्रुपवर मामेभावाने टाकलं, "सांगली वेधशाळेकडून निविदा मागवण्यात येत आहेत, ताडपत्री ओढण्यासाठी." सगळे हसले. मामी पण. मी पण हसणारा चेहरा टाकला, काय करणार.

शुक्रवारी सकाळी मी बघितलं तर ड्यू पॉइंट २१, म्हणजे हवेत ओल भरपूर. कर्नाटकावर सकाळपासूनच ढगांची रेघ. झाकण पातळ. केप, म्हणजे हवेत वर उसळायचा जोर किती त्याचा आकडा, त्या आठवड्यातला सगळ्यात मोठा. मला दिसत होतं. इतकं स्पष्ट मला पुढेही फार कमी वेळा दिसलंय. मी मेसेज टाइप केला, "मामा आज नक्की झाका", आणि तो निविदेचा जोक वर तसाच दिसत होता. मेसेज पुसला. शब्दन् शब्द पुसला.

४:२० ला आला. पंधरा मिनिटं.

असो. थंबनेलवाल्यांबद्दल बोलते जरा, नाहीतर रडायला येईल.

ते जे चॅनल आहेत ना, लाल अक्षरात "पुढचे ४८ तास महाराष्ट्र बुडणार", मागे कुठल्यातरी परदेशातल्या टॉर्नेडोचा फोटो, त्याला लाख लाख व्ह्यू. आमच्याच ग्रुपवर रोज येतात. त्यांना कोणी बेडकाचा हार घालत नाही! गेल्या आठवड्यात असलाच एक "ढगफुटी"वाला फॉरवर्ड ज्याने टाकला त्यानेच आज माझा सत्कार केलाय, नाव घेत नाही, तो वाचणार आहे. त्याने तर टक्का पण नव्हता सांगितला, ठिकाण नाही, वेळ नाही, पडला तर बघा म्हटलं होतं आणि नाही पडला तर कोणाच्या लक्षात राहतंय. खात्रीने खोटं बोलणारा माणूस आपल्याला आवडतो आणि "शक्यता" म्हणणारा गुळमुळीत वाटतो. लिहिताना हात थरथरतोय माझा, सॉरी, पण थरथरतोय.

आणि हा काही कुरडयांपुरता विषय नाही हो. १३ मे २०२४ ला घाटकोपरला होर्डिंग पडलं, १७ माणसं गेली. मान्य, ते होर्डिंगच तसं उभं करायला नको होतं, तो वाद वेगळा. पण दुपारचं धुळीचं वादळ होतं ते, वळवाचंच. पाऊस लांब असतो तेव्हाच वारा येतो पुढे, ढगातली गार हवा खाली आदळते आणि चारी बाजूंना पळते, खालची हवा जितकी कोरडी तितकी जोरात. लोक पावसाला घाबरतात आणि वाऱ्यात होर्डिंगखाली, झाडाखाली उभे राहतात. विजांनी तर आपल्या देशात दर वर्षी अडीच हजारांच्या वर माणसं जातात. दामिनी ॲप घ्या म्हणून मी चार वर्षं सांगतेय, फुकट आहे, आयआयटीएमचंच आहे, २०-४० किलोमीटरच्या आत वीज पडत असली तर सांगतं. २८ फ्लॅटमध्ये किती जणांनी घेतलं? दोन. त्यातला एक माझा.

एक गोष्ट मात्र कबूल करायला पाहिजे, आणि ती मला कोणी तोंडावर विचारली तर आवडणार नाही म्हणून स्वतःच लिहिते. मला मजा येते. आमचा सहा-सात जणांचा एक छोटा ग्रुप आहे, पंढरपूरचे एक रिटायर्ड पोस्टमास्तर, इस्लामपूरचा एक इंजिनिअरिंगचा पोरगा, असे. दुपारी दोन वाजले की सुरू, "जतकडे टॉवर उठला" (टॉवर म्हणजे उभा वाढणारा ढग), "माझ्याकडे झाकण हलत नाही", "ऐरण पसरली, फोटो टाका". वीज चमकली की आकडे मोजायचे, तीन सेकंदाला एक किलोमीटर. आज तो ढग फुगत होता तेव्हा मी अक्षरशः पुटपुटत होते, ये, ये, ये. आणि त्याच वेळी नागजला कोणीतरी जा, जा म्हणत असणार. हे मला नीट बसवता येत नाही कुठे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पंधरा दिवस गारपीट चालली होती, बागा झोपल्या होत्या, तेव्हा मला यातलं काही कळत नव्हतं, नुसतं वाईट वाटलं होतं. आता वाईट वाटतं आणि शिवाय रडारचा स्क्रीनशॉट पण काढते.

रविवारी गेले होते मी मामांकडे, त्या शुक्रवारनंतरच्या. शेडमध्ये शिरल्या शिरल्या वास आला, गूळ आणि ताडी एकत्र केल्यासारखा. तेराव्या दिवसाचा माल होता, दोन दिवसांनी रॅक हलवायचे होते. मामी खाली पोत्यावर बसून हाताने निवडत होत्या, बरा इकडे, काळा तिकडे, आणि इकडचा ढीग ओंजळभर. काही बोलल्या नाहीत. मामा म्हणाले, "का गं, ह्या टायमाला फोन नाही आला तुझा?" म्हटलं, "मला वाटलं नाही येईल." खोटं बोलले. आज पहिल्यांदा लिहितेय. मामा फेसबुकवर नाहीत, पण मामेभाऊ आहे. वाचलंस तर वाच. तुझ्यावर राग नाही, तुझा जोक चांगला होता. मेसेज मी पुसला.

थांबा, मामांचाच फोन येतोय.

...

हां. तर आजचा तो दंडोबाच्या अंगाचा ढग, तो विझताना त्याच्या गार वाऱ्यानं पुढे अजून एक उठवला आणि तो सरळ नागजवर गेला. वीस मिनिटं. गारा बोराएवढ्या. मी दुपारी एकला फोन केला होता मामांना, ४० टक्केच सांगितलं होतं, बिल्डिंगला सांगितलं तेच. त्यांनी झाकलं होतं. चार रॅकपैकी एकाची पश्चिमेकडची ताडपत्री वाऱ्यानं फाटली, त्यातले खालचे तीन-चार मजले भिजले, बाकी राहिलं. बरं झालं, आभार वगैरे असलं काही मामा बोलत नाहीत. ताडपत्रीचा भाव सांगत बसले दहा मिनिटं. मग म्हणाले, "आणि उद्या काय म्हणतंय गं तुझं आभाळ?"

मी म्हटलं, मामा, उद्या पण ४० च दिसतंय.

"म्हंजे झाकू?"

झाका.