काळ्याचं पांढरं

बंपरला रंग न लावता तो तसाच काळा सोडायचा, ही कंपनीची काटकसर. शोरूममधला पोरगा मात्र तिला 'रफ अँड टफ लूक' म्हणतो आणि बेस मॉडेल घेणाऱ्याला तेवढा आधार पुरतो. आरशांची कव्हरं, दारांच्या मुठी, चाकांवरच्या कमानी असं सगळं काळंभोर लेणं लेऊन आमची गाडी घरी आली आणि सोलापूरच्या उन्हात उभी राहिली. इथं मे महिन्यात पारा 43-44 पर्यंत जातो. माणूस निदान पंख्याखाली तरी बसतो. काही उन्हाळ्यांत गाडीच्या मिशा पिकल्या.

"दाजी, गाडीला चुना कुणी फासला?" मेहुण्यानं विचारलं. त्याच्या गाडीचा बंपर बॉडीच्याच रंगाचा आहे, त्यामुळे त्याला असले प्रश्न सुचतात.

मी त्याला शास्त्र सांगितलं. हे प्लास्टिक म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ऊन सोसावं म्हणून त्यात कार्बन ब्लॅक, म्हणजे सरळ काजळीच घातलेली असते. तरीही अतिनील किरणं वरच्या थरातल्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या तोडत जातात, पृष्ठभाग खरबरीत होतो आणि त्यावर पडलेला प्रकाश वाट्टेल तिकडे विखुरतो. आपल्याला पांढरं दिसतं ते हेच. आत काळं शाबूत असतं.

"आत असेल हो," तो म्हणाला, "पण लोक बाहेरून बघतात."

लोक नुसते बघत नाहीत, उपाय सांगतात. शेजारच्या अण्णांनी खोबरेल तेल सांगितलं आणि आपल्याच घरातून वाटीभर आणूनही दिलं. नाही म्हणायची सोय उरली नाही. बंपर असा काही चमकला की अण्णा दोन पावलं मागे सरकून मान तिरकी करून बघत राहिले. संध्याकाळपर्यंत जुळे सोलापुरातली झाडून सगळी धूळ त्या तेलावर मुक्कामाला आली. उरलेलं तेल गल्लीतल्या कुत्र्यानं चाटलं. डाव्या बाजूचं जास्त आवडीनं.

वॉशिंग सेंटरवाल्याचा डिझेलवर भरवसा. फवारा मारला की बंपर काळा कुळकुळीत. पैसे देऊन सात रस्ता चौकापर्यंत येतो तोवर पुन्हा करडा. वर त्याच्या पोऱ्यानं बॉडीला लावायचं वॅक्स हौसेनं प्लास्टिकलाही चोपडलं. प्लास्टिकवर बारीक दाणेदार नक्षी असते, तिच्या खळग्यांत वॅक्स वाळून बसलं. आधी फिकट होतं, आता पांढरे फराटेही आले.

यावर मुलीनं मोबाइलवर अमेरिकेचा तोडगा शोधला. तिकडं म्हणे बंपरला पीनट बटर चोळतात. ऐकायला येडपट वाटतं, पण त्यात तर्क आहे. शेंगदाण्याच्या तेलानं वाळलेलं वॅक्स सुटतं.

"मग आईनं पाठवलेली शेंगाची चटणी आहे की डब्यात," बायको म्हणाली. "ती चोळा. वर लसूण फुकट." आणि हे तिनं लगेच फोनवरून माहेरी कळवलं.

खरी करामत केली ती रेडियमवाल्यानं. स्टिकर चिकटवताना वापरतो ती हीट गन त्यानं बंपरच्या उजव्या कोपऱ्यावर धरली, हात सारखा हलता ठेवून. एका जागी थांबलं तर नक्षी वितळून गुळगुळीत डाग पडतो. झोत जाईल तिथं करडं प्लास्टिक आधी ओलसर दिसायचं, मग त्यातून मूळचा काळा वर यायचा. मी श्वास रोखून बघत होतो. तळहाताएवढा तुकडा झाला आणि त्याला नंबरप्लेटचं गिऱ्हाईक आलं. तो गेला तो गेलाच. आता भेटेल तो त्या एकुलत्या एका चांगल्या तुकड्याकडे बोट दाखवून हळहळायचा, "अरेरे, इथं ठोकली होय?"

अखेर जे करायला हवं होतं ते केलं आणि ते अत्यंत कंटाळवाणं आहे. चिकट घालवणारा साबण घेऊन ब्रशनं घासायचं, फेस करडा यायचा थांबेपर्यंत. मग धुऊन पूर्ण वाळवायचं, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून तेलाचा अंश काढायचा (अण्णांचं खोबरेल इथं सगळ्यात चिवट निघालं). पत्र्याच्या कडेनं मास्किंग टेप लावायची आणि सावलीत बसून ट्रिम कोटिंगचा, म्हणजे अशा बिनरंगी प्लास्टिकवर चढवायच्या लेपाचा, हात द्यायचा. रविवार जातो, कंबर जाते. रात्रभर पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. सकाळी बंपर काळा होता. तुळतुळीत नाही, शोरूममधल्यासारखा गंभीर काळा.

अण्णा बघून म्हणाले, "खोबरेल उशिरा लागू पडतं, पण पडतं." रेडियमवाला एका पांढऱ्या जीपवाल्याला घेऊन आला, माझ्यादेखत बंपरवर थाप मारली आणि म्हणाला, "हे आपलंच काम." वॉशिंग सेंटरवाल्यानं फोटो काढून नेला.

सासूबाईंनी या खेपेला चटणीचे दोन डबे पाठवलेत. एकावर चिकटपट्टी लावून लिहिलंय : 'गाडीची. कमी तिखट.'