गच्चीवरच्या शेतीला आधी नियम हवा

शहरी शेतीचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर लागतात. गच्च्या हिरव्या करा, शहर आपलं पोट आपण भरेल, हा एक. स्लॅब गळेल, डास होतील, नकोच ती भानगड, हा दुसरा. जर्मनीतून हा वाद ऐकताना वाटतं, वजन किती आणि जबाबदारी कोणाची, हे कुणी विचारतच नाही.

इथे शहरातल्या भाड्याच्या बागांसाठी 1983 चा कायदा आहे. तुकडा 400 चौरस मीटरपेक्षा मोठा नको, त्यातली झोपडी व्हरांड्यासकट 24 चौरस मीटरपर्यंतच. किमान एक तृतीयांश जागेत भाजी-फळं हवीत, हे 2004 मध्ये न्यायालयाने ठरवलं. नुसतं लॉन लावून भागत नाही. बर्लिनच्या टेम्पेलहोफ या बंद विमानतळावर जमीन खणायला मनाई, म्हणून तिथली सगळी भाजी फळ्यांच्या उंच वाफ्यांत वाढते.

अशी मोकळी जमीन आपल्या शहरांत उरलेली नाही. पण गच्च्या आहेत, आणि इथलं उचलण्यासारखं काही असेल तर ते नियम.

सुरुवात वजनापासून. भारतीय मानकानुसार वापरातल्या गच्चीवर दर चौरस मीटरला साधारण 150 किलो वापराचा भार धरतात. ओल्या मातीचा 10 सेंटीमीटरचा थरच 160 ते 180 किलो भरतो, माणसं वेगळीच. म्हणून शेतातली माती वर चढवूच नये. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कंपोस्टचं मिश्रण भिजल्यावरही जवळपास निम्म्या वजनाचं असतं. वाफे बीमवर किंवा भिंतीलगत, विटांवर 10 सेंटीमीटर उचलून ठेवावेत, म्हणजे खालून झाडू फिरतो. गळतीचं मूळ बहुतेकदा तुंबलेल्या पाण्यात असतं: मिश्रण वाहून पाइपच्या तोंडाशी साचतं आणि पाणी स्लॅबवर उभं राहतं.

उत्पन्नाबद्दल खरं बोलावं. गच्चीवर पालेभाजी, मिरची, टोमॅटो होतील, धान्य-डाळी नाहीत. माझ्या मते गच्चीचा मोठा उपयोग ओला कचरा तिथेच जिरवण्यात आहे. भारतात 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा घरातच वेगळा करणं बंधनकारक केलं, पण वेगळा केलेला ओला कचरा जातो कुठे? एक बादली ओल्या कचऱ्याला दोन बादल्या सुका पालापाचोळा, आठवड्यातून एकदा वरखाली. दोनेक महिन्यांत खत तयार. वास आला तर पाचोळा कमी पडलाय. अर्धवट कुजलेलं खत वाफ्यात घातलं की ते कुजताना मिश्रणातलंच नत्र ओढतं आणि पानं पिवळी पडतात. मग दोष बियाण्याला दिला जातो.

हे सगळं सोसायटीच्या ठरावात लिहून हवं: स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र, वाफ्यांच्या जागा दाखवणारा नकाशा, पावसाळ्यात पाइपची तोंडं कोण साफ करणार त्याचं नाव. आणि वॉटरप्रूफिंगचं काम निघालं तर वाफे किती दिवसांत, कोणाच्या खर्चाने हलवायचे, तेही.