पद्मिनीच्या पिस्टनबाबत खुलासा
मुंबईतील जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये सध्या असा सल्ला फिरत आहे की, प्रीमियर पद्मिनीचे इंजिन बांधताना मिळतील तेवढ्या मोठ्या ओव्हरसाइझचे (मूळ मापापेक्षा जाड) पिस्टन आधीच घेऊन ठेवावेत, म्हणजे ताकद वाढते. हा सल्ला चुकीचा आहे. कुर्ल्यात बनलेल्या या गाडीच्या इंजिनाचा मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 68 मिलिमीटर व स्ट्रोक (पिस्टनच्या एका फेरीचे अंतर) 75 मिलिमीटर, म्हणजे क्षमता 1089 सीसी. बोअर अर्धा मिलिमीटर वाढवला तरी जेमतेम 16 सीसीची भर पडते, जी चालवताना जाणवणारही नाही. उलट सिलिंडरचे कापलेले बीड (ओतीव लोखंड) परत येत नाही, सिलिंडरची भिंत पातळ होते आणि पुढच्या बोअरिंगची (सिलिंडर आतून कापून मोठा करण्याची) संधी विनाकारण संपते. मग लायनर (सिलिंडरच्या आत बसवायची नवी नळी) ठोकण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

आधी बोअर गेजने (आतला व्यास मोजायच्या उपकरणाने) प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, काटकोनातील दोन दिशांनी मोजावा. पिस्टनवरची सर्वात वरची रिंग जिथून परत फिरते तिथे झीज बहुधा सर्वाधिक असते, आणि ती पूर्ण साफ होईल असा लहानात लहान ओव्हरसाइझ निवडून चारही सिलिंडर त्याच मापाचे करावेत. पिस्टन हाती आल्यावर, डब्यावरच्या आकड्यावर न विसंबता, तो उत्पादकाने सांगितलेल्या जागी मायक्रोमीटरने मोजावा आणि मगच बोअरिंगला हात घालू द्यावा, कारण क्लिअरन्स (पिस्टन व सिलिंडरमधली फट) पिस्टननुसार बदलतो. फोर्ज्ड (दाबून घडवलेल्या) पिस्टनला तो साधारणतः ओतीव पिस्टनपेक्षा जास्त लागतो.